‘मर्यादित’ कुठे लिहावं, कसं लिहावं आणि कुठे मुळीच लिहू नये

जुलै संपत आला की सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात पतसंस्थांचे वार्षिक अहवाल यायला सुरुवात होते. हिशेबाचं वर्ष मार्चअखेर संपतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ऑगस्टभर सचिव मंडळी पेनड्राइव्ह घेऊन दारात. संस्था वेगळी, चेअरमन वेगळा, मुखपृष्ठावरचं दैवत वेगळं, पण नावातला शेवटचा शब्द बहुधा एकच: मर्यादित. आणि तोच दर वर्षी चुकतो. कुणी ‘मर्यादीत’ लिहून आणतं, कुणी ‘मऱ्यादित’. एकदा माझ्याच हातून मुखपृष्ठावर ‘नागरी सहकारी पतसंस्था मर्यादेत’ छापून गेलं. चेअरमन समंजस होते, हसून म्हणाले, “राहतोच की ओ आम्ही मर्यादेत.” पण मुखपृष्ठं पुन्हा छापली ती माझ्या खर्चानं.

तेव्हापासून या एका शब्दाकडे जरा जास्तच लक्ष जातं. संस्थेचे सचिव, दुकानाचे बोर्ड नि जाहिराती लिहिणारे, नोटीस काढणारे कारकून, अर्ज लिहून देणारी शाळेतली मुलं यांना उपयोगी पडेल असं जे हाताशी आलं, ते इथे क्रमानं लिहितो. सगळ्याचं मूळ एका सवयीत आहे. ‘मर्यादित’ लिहिलं की लगेच स्वतःला विचारायचं: कशाची मर्यादा? किती? त्याचं उत्तर माहीत असेल तर तेच लिहायचं. बऱ्याचदा मग ‘मर्यादित’ या शब्दाची गरजच उरत नाही.

पायरी १: आधी शब्द बरोबर लिहा

मर्यादित. ‘दि’ ह्रस्व. संस्कृतातला ‘-इत’ हा प्रत्यय ज्या शब्दांना लागतो त्यांत तो ह्रस्वच राहतो: अपेक्षित, संबंधित, सीमित. चूक का होते तेही सांगतो. मराठीत शेवटच्या अक्षराच्या आधीचा इकार-उकार दीर्घ काढायची सवय असते: वकील, जमीन, तारीख. हात त्याच सवयीनं ‘मर्यादीत’ लिहून मोकळा होतो. पण तो नियम संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना लागत नाही.

दुसरी खोच रफाराची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या. दोन्ही मोठ्यानं म्हणून पाहा. ‘दर्या’मध्ये ‘द’वर आघात येतो, ‘दऱ्या’मध्ये येत नाही. ‘मर्यादा’ म्हणताना ‘म’वर आघात येतो, म्हणून रफार. मोबाइलवर र, मग पाय मोडायचं चिन्ह, मग य. नुक्ता असलेला ऱ इथे चालत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘मर्यादित’ आणि ‘मर्यादेत’ हे दोन्ही शब्द बरोबर आहेत, फक्त वेगळे आहेत. शिष्यवृत्तीच्या अर्जात हा फरक पैशाचा असतो. ‘कुटुंबाचं उत्पन्न मर्यादित आहे’ म्हणजे कमी आहे, ओढाताण आहे. ‘कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत आहे’ म्हणजे योजनेनं ठरवलेल्या आकड्याच्या आत आहे. पहिल्यानं कणव येईल, पात्रता ठरेल ती दुसऱ्यानं. आणि दोन्हींपेक्षा चांगलं म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा लिहिणं.

हे विशेषण लिंग-वचनानं बदलत नाही. मर्यादित वेळ, मर्यादित जागा, मर्यादित पाणी, मर्यादित अधिकार. एवढी तरी सोय आहे.

पायरी २: ‘मर्यादा’ या घराला दोन खोल्या आहेत, हे लक्षात ठेवा

एका खोलीत मोजमाप राहतं: वयोमर्यादा, वेगमर्यादा, कालमर्यादा. दुसऱ्या खोलीत अदब राहते: मर्यादा राखणं, मर्यादा सोडणं, थोरामोठ्यांची मर्यादा. दोन्ही अर्थ मुळात एकाच जागेवरून आलेत, कडेवरून. संस्कृतात मर्यादा म्हणजे काठ, हद्द, जिच्यापुढे जायचं नाही ती रेघ. कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत पसरणारी जांभळट फुलांची एक वेल असते, भरतीच्या रेषेच्या वरच्या अंगाला. तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्राला ‘इथपर्यंतच’ म्हणणारी. आम्ही सोलापूरकर ती सुट्टीतच पाहतो, पण शब्दाचं मूळ समजायला तिच्याइतकं सोपं उदाहरण मला दुसरं मिळालेलं नाही.

सोलापुरात या शब्दाची आणखी गंमत आहे, कारण इथे एका गल्लीत चार भाषा नांदतात. आमच्या दुकानात काम करणारा मुलगा पद्मशाली आहे, घरी तेलुगू बोलतो. त्याला एकदा मी म्हणालो, “अरे, या वाक्यात मर्यादा चुकीची आहे.” तो गोंधळला. तेलुगूत ‘मर्यादा’ म्हणजे मानपान, आदर. पाहुण्याची ‘मर्यादा करायची’ म्हणजे त्याचं आदरातिथ्य करायचं. मोजमापाच्या मर्यादेला ते ‘परिमिती’ म्हणतात. कन्नडातही ‘मर्यादे’ म्हणजे आब, इज्जत, आणि मोजमापाला ‘मिती’. म्हणजे मराठीनं दोन्ही खोल्या वापरात ठेवल्या, शेजारच्या दोन घरांत प्रामुख्यानं अदबीचीच खोली उघडी.

कन्नडानं मला एकदा चांगलंच फसवलंय. सीमेपलीकडच्या एका सहकारी संघाचं लेटरहेड मराठीत करायचं होतं. नावाच्या शेवटी ‘नियमित’ असा शब्द होता. मी तसाच उतरवला. मराठी माणसानं वाचलं तर ‘रोज न चुकता चालणारा संघ’! कन्नडात ‘नियमित’ म्हणजे आपलं ‘मर्यादित’, लिमिटेड. अक्कलकोटच्या पुढे गेलात की सहकारी संस्थांच्या पाट्यांवर हा शब्द दिसेल. सीमाभागातल्या कागदपत्रांचं भाषांतर करणाऱ्यांनी ही एक जोडी पाठच करावी.

आता यातून मराठीत काय सांभाळायचं? ‘मर्यादित’ हे विशेषण फक्त मोजमापाच्या खोलीत राहतं. ‘सर फार मर्यादित आहेत’ असं कौतुकानं म्हणायला जाल तर त्याचा अर्थ होईल की सरांची झेप तेवढीच. अदबशीर माणूस ‘मर्यादशील’ असतो. उलट बाजूलाही तेच. ‘अमर्याद’ दोन्ही खोल्यांत फिरतं (अमर्याद आकाश, अमर्याद बोलणं), पण ‘अमर्यादित’ फक्त मोजमापाचं. अमर्यादित थाळी असते, अमर्यादित बोलणं म्हणजे वेळेचं भान नसलेलं बोलणं. उद्धट बोलण्याला ते लावू नये.

पायरी ३: वाक्यात जागा बघून बसवा

क्लासच्या जाहिरातीत हमखास दिसणारं वाक्य: ‘मर्यादित विद्यार्थ्यांनाच प्रवेश’. कुवत मर्यादित असलेल्यांनाच घेणार की काय? मर्यादा जागांना आहे, विद्यार्थ्यांना नाही. ‘जागा मर्यादित’ लिहा. त्याहून बरं, ‘एका तुकडीत वीसच विद्यार्थी’ लिहा. पालक तेच विचारायला फोन करणार आहेत.

‘मर्यादित’च्या आधी बहुतेक वेळा ‘-पुरता’ येतो: ‘ही सवलत सभासदांपुरती मर्यादित आहे.’ लक्षात ठेवा, बदलतं ते ‘पुरता’: निर्णय शहरापुरता, सवलत सभासदांपुरती, काम कागदापुरतं, योजना तालुक्यापुरत्या. आणि ‘-पुरता’ हा एकटाच पुरेसा समर्थ आहे. ‘ही सवलत फक्त सभासदांपुरतीच मर्यादित आहे’ या वाक्यात ‘फक्त’, ‘-पुरती’, ‘-च’ आणि ‘मर्यादित’ अशी एकाच दाराला चार कुलपं आहेत. ‘ही सवलत सभासदांपुरती आहे’ एवढं लिहिलं तरी बाहेरचा कुणी आत येत नाही. म्हणीत बघा कसं नेटकं बसलंय: कामापुरता मामा, ताकापुरती आजी. त्यात ‘मर्यादित’ घालून म्हणून पाहा, मामाच उठून जाईल.

क्रियापदांची जोडीही ठरलेली आहे. आपण एखादी गोष्ट मर्यादित ‘ठेवतो’ किंवा ‘करतो’. ती मर्यादित ‘राहते’. ‘मर्यादा’ हे नाम घेतलं तर मर्यादा ‘घालतो’, ‘पाळतो’, ‘ओलांडतो’. आणि आपल्यावर ‘येतात’ नाहीतर ‘पडतात’. नम्रपणे नकार द्यायचा असेल तर नामच कामाला येतं: ‘आमच्याही काही मर्यादा आहेत, समजून घ्या.’ इथे ‘आम्ही मर्यादित आहोत’ म्हणालात तर माणूस गोंधळेल, किंवा तुमची कंपनी आहे असं समजेल.

‘मर्यादित स्वरूपात’, ‘मर्यादित प्रमाणात’ ही सरकारी नोटिशीतली जोडकामं शक्यतो टाळा. यांच्या भावंडांतलं एक मात्र खरोखर कामाचं आहे: ‘मर्यादित अर्थानं’. ‘सोलापूर हे मर्यादित अर्थानं गिरणगाव आहे’ असं म्हटलं की लिहिणाऱ्यानं स्वतःच आपलं विधान आखूड केलं. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग राहिले, हे त्यात आलं. तोलून लिहिणाऱ्याला हा शब्दप्रयोग हवाच.

पायरी ४: दुसरा शब्द अधिक नेमका आहे का, बघा

इथे थोडं थांबावं लागेल, कारण मराठीची खरी श्रीमंती या पायरीवर आहे. ‘मर्यादित’ हा कोरडा शब्द. त्यात ना कौतुक, ना तक्रार. करारात कोरडेपणा हवाच. पण माणूस माणसाशी बोलताना ‘कमी’ म्हणजे कसं कमी, हे सांगायला आपल्याकडे डझनभर शब्द आहेत.

‘मोजके’ म्हणजे मोजता येतील इतके, आणि त्यात थोडा अभिमान: मोजकीच माणसं बोलावली होती. ‘निवडक’मध्ये कुणीतरी निवडलंय. ‘ठराविक’मध्ये नुसतं ठरलेलं आहे, थोडा कंटाळाही: तीच ती ठराविक भाषणं. ‘माफक’ म्हणजे झेपेल, पटेल एवढं: माफक दर, माफक अपेक्षा. ‘आटोपशीर’ छोटं असून सुटसुटीत: आटोपशीर घर. मंगल कार्यालयाच्या जाहिरातीत ‘मर्यादित जागा’ लिहिलं की अडचण वाटते, ‘आटोपशीर सभागृह’ लिहिलं की सोय वाटते, सभागृह तेच.

दुसऱ्या बाजूला उणेपणाचे शब्द. ‘अपुरा’ म्हणजे गरजेपेक्षा कमी. ‘जेमतेम’ म्हणजे कसंबसं भागतं. ‘तुटपुंजा’मध्ये राग आहे, देणाऱ्यानं लाज वाटावी इतकं कमी दिलं. आणि ‘बेताचं’ हा तर आपल्या भाषेचा सभ्यपणाच. ‘परिस्थिती बेताची आहे’ म्हटलं की समोरचा पुढे विचारत नाही. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर आहेत, अशा घरातली मुलगी अर्जात ‘आमचे आर्थिक स्रोत मर्यादित आहेत’ असं कुणीतरी सांगितलेलं लिहून आणते. मी तिला खोडून ‘घरची परिस्थिती बेताची आहे’ असं लिहायला सांगतो, आणि पुढे मजुरी किती, खाणारी तोंडं किती, शाळेची फी किती.

‘मला मर्यादित इंग्रजी येतं’ हेही असंच शिवून आणलेलं वाक्य. ‘कामापुरतं येतं’ म्हणा, ‘जेमतेम येतं’ म्हणा.

जमिनीचा विषय निघाला की शब्द पुन्हा बदलतात. शेताला बांध असतो, गावाला शीव आणि वेस, राज्याला सीमा, पोलीस ठाण्याला आणि महापालिकेला हद्द. ‘शीव’ ही ‘सीमा’चीच मराठमोळी लेक. सोलापूरकराला ‘हद्द’ शिकवायला नको, कारण १९९२ साली आजूबाजूची गावं शहरात आली तेव्हापासून इथे ‘हद्दवाढ भाग’ हे पत्त्याचंच नाव झालंय. ‘महापालिकेच्या मर्यादेत’ असं कुणी लिहून आणलं की मी ‘हद्दीत’ करून देतो. मर्यादा वागण्याला आणि मोजमापाला, हद्द कारभाराला, सीमा नकाशाला. काटेकोर नाही, पण दहातल्या नऊ वेळा चालतं.

खाण्यात, बोलण्यात, खर्चात ‘मित’: मिताहार, मितभाषी, मितव्ययी. ‘मीठ मर्यादित खा’ हा सल्ला मात्र कुणाच्याच उपयोगाचा नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात शेंगाचटणीतलं नि पापडातलंही धरायचं. आता आई ऐकेल की नाही हा वेगळा प्रश्न, पण निदान काय ऐकायचं ते तरी कळलं.

पायरी ५: मर्यादेचं टोक आत की बाहेर?

‘सोमवारपर्यंत दुकान बंद राहील.’ दुकान सोमवारी उघडणार की मंगळवारी? गिऱ्हाईक सोमवारी येऊन कुलूप बघून जातं आणि आपल्याला बोल लावतं, तेही बरोबरच.

हा घोळ आजचा नाही. पाणिनीच्या व्याकरणात ‘आङ् मर्यादाभिविध्योः’ असं एक सूत्र आहे. ‘आ’ हा उपसर्ग दोन तऱ्हांनी टोक दाखवतो: ते टोक सोडून, तेव्हा त्याला ‘मर्यादा’ म्हणायचं, आणि ते टोक धरून, तेव्हा ‘अभिविधी’. जुन्या टीकाकारांचं उदाहरण पावसाचं आहे: पाटलिपुत्रापर्यंत पाऊस पडला. शहर भिजलं की नाही? आपल्याकडे अगदी तस्सं: ‘पाऊस मोहोळपर्यंत आलाय’ असा फोन येतो, आणि मोहोळात छत्री लागेल का, हे कळत नाही. मराठीत हा ‘आ’ अजून जिवंत आहे. ‘आबालवृद्ध’ म्हणताना बाळं आणि म्हातारी दोन्ही आत असतात, ‘आसेतुहिमाचल’ म्हणताना सेतूही आत, हिमालयही आत. म्हणजे व्याकरणाच्या काटेकोर भाषेत ‘मर्यादा’ म्हणजे टोक वगळून मोजणं. ही माहिती मला पन्नाशीत कळली आणि उगाचच फार आनंद झाला.

रोजच्या लिखाणात एवढं करा. मुदत सांगताना टोकाच्या दिवसाचं काय ते उघड लिहा: ‘३१ मार्चपर्यंत (३१ मार्च धरून)’, ‘सायंकाळी पाच वाजेपर्यंत’. बंदची पाटी लिहिताना उघडण्याचा दिवस लिहा: ‘दुकान मंगळवारी सकाळी दहाला उघडेल.’ वयोमर्यादेत ‘१८ ते ३५’ लिहिलं तर ३५ पूर्ण झालेला चालतो का, आणि वय कोणत्या तारखेला मोजायचं, ही दोन वाक्यं खाली जोडा. ‘पूर्वी’ म्हणजे तो दिवस बाहेर. ‘पर्यंत’ म्हणजे सहसा आत. ‘च्या आत’वरून भांडणं होतात, टाळता आलं तर टाळा.

जाहिरातीतलं ‘ऑफर मर्यादित कालावधीसाठी’ हे सगळ्यात पोकळ. बाळीवेशीतल्या चादरीच्या दुकानासाठी एक पॅम्फ्लेट केलं होतं. मालकानं लिहून आणलं होतं: ‘मर्यादित साठा! मर्यादित कालावधी!’ मी विचारलं, साठा किती? म्हणाले, ६० बाय ९० मापाच्या चाळीस एक चादरी उरल्यात. आणि कालावधी? गड्डा संपेपर्यंत. मग तेच छापलं: ‘६० बाय ९०च्या चाळीसच चादरी, गड्डा यात्रा संपेपर्यंत.’ ही सिद्धेश्वरांची यात्रा जानेवारीत कधी भरते नि कधी उठते हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. यापेक्षा स्पष्ट मुदत कुठल्या वकिलाला लिहिता येईल?

पायरी ६: संस्थेच्या नावातला ‘मर्यादित’ नीट समजून घ्या

इथे सर्वाधिक गैरसमज आहेत, आणि ते लोकांच्या ठेवींपर्यंत जातात. ‘अमुक सहकारी पतसंस्था मर्यादित’ वाचून कुणाला वाटतं सभासदांची संख्या मर्यादित, कुणाला वाटतं व्यवहार छोटा. दोन्ही चूक. मर्यादित आहे ती सभासदाची जबाबदारी. शंभर रुपयांचे दहा शेअर तुम्ही घेतले आणि हजार रुपये पूर्ण भरले, तर संस्था बुडाली तरी शेअरधारक म्हणून तुमचं नुकसान त्या हजाराच्या पुढे जात नाही. संस्थेचं देणं फेडायला तुमच्या घराला कुणी हात लावू शकत नाही. शेअरची रक्कम पूर्ण भरली नसेल, तर उरलेली मात्र मागितली जाऊ शकते.

हे नेहमीच असं नव्हतं. १९०४ सालच्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यात खेड्यातल्या संस्थांची जबाबदारी साधारणपणे अमर्यादित ठेवली होती. शेतकऱ्याकडे तारण ठेवायला फारसं काही नव्हतं. सगळ्यांनी एकमेकांसाठी उभं राहायचं, ही पतच तारण. एकानं बुडवलं तर त्याचा भार बाकीच्यांच्या मालमत्तेवर. आजच्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्येही मर्यादित आणि अमर्यादित अशा दोन्ही जबाबदाऱ्यांची सोय आहे. आपल्या डोळ्यांना सवय मात्र मर्यादितचीच.

हे समजलं की तीन गोष्टी आपोआप उलगडतात. एक, ‘मर्यादित’ ही पाटी शेअरधारकाला सांभाळते, ठेवीदाराला नाही. ठेवीच्या विम्याचं गणित वेगळं: बँकेत, सहकारी बँकेतही, दर ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. नावात दोन्हीकडे ‘मर्यादित’ असतं, म्हणून ‘सहकारी बँक’ की ‘सहकारी पतसंस्था’ हे शब्द वाचायचे, शेवटचा नाही. दोन, तुम्ही कुणाला जामीन राहिला असाल तर ती जबाबदारी तुमच्या सहीनं आलेली आहे. संस्था मर्यादित असल्यानं ती एका रुपयानंही कमी होत नाही. हे वाक्य मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक भाबड्या जामीनदाराला ऐकवतो. तीन, एकट्याच्या मालकीचं दुकान किंवा साधी भागीदारी यांना ‘मर्यादित’ लावता येत नाही. तिथे मालकाची जबाबदारी पुरी. भागीदारीत मर्यादा हवी असेल तर २००८ च्या कायद्याखाली मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, नोंदवावी लागते.

‘लि.’ आणि ‘मर्यादित’ अर्थानं एकच. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे पब्लिक कंपनीच्या नावाचा शेवट ‘लिमिटेड’नं, खासगी कंपनीचा ‘प्रायव्हेट लिमिटेड’नं होतो, धर्मादाय हेतूच्या काही कंपन्यांना त्यातून सूट मिळते. खासगी कंपनीत सभासद दोनशेपर्यंतच, पण ती मर्यादा ‘प्रायव्हेट’ या शब्दातून येते, ‘लिमिटेड’मधून नाही. गंमत अशी की ‘लि.’ दिसलं म्हणजे कंपनी असंही धरून चालत नाही. आपल्याच जिल्ह्यात बघा: माळीनगरचा सासवड माळी शुगर फॅक्टरी लि. ही शेतकऱ्यांनी १९३२ साली उभी केलेली कंपनी, तर कुमठ्याचा श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना लि. ही सहकारी संस्था. ओळख पटते ती ‘सहकारी’ या शब्दावरून.

छापताना नोंदणी प्रमाणपत्रावर जे आहे तेच आणि तसंच. प्रमाणपत्रावर ‘मर्यादित’ असेल तर मुखपृष्ठावर ‘लि.’ नको. पाटीवर जागा नसेल तर ‘मर्या.’ चालतं, पूर्णविरामासकट. गावाचं नाव स्वल्पविरामानंतर: ‘… पतसंस्था मर्यादित, सोलापूर’. आणि आता ही माझी खासगी तक्रार: ‘मर्यादित’ उगाच बारीक अक्षरात, कोपऱ्यात दाबून बसवू नका. तो नावाचा भाग आहे, तळटीप नाही.

पायरी ७: जिथे हा शब्द चालतच नाही

गणितात ज्याचे घटक मोजून संपतात तो संच ‘सांत’, न संपणारा ‘अनंत’. कोर्टात दावा लावायच्या कालावधीला ‘मुदत’ म्हणतात, १९६३ चा मुदतीचा कायदा त्याचाच. वेळ टळलेला दावा ‘मुदतबाह्य’. क्रिकेटमध्ये मात्र ‘मर्यादित षटकांचा सामना’ छान रुळलाय, तिथे हात लावू नका.

पायरी ८: जुनी नोटीस घ्या आणि पुन्हा लिहा

सराव करायचा तर आपल्याच सोसायटीच्या फळ्यावरून सुरुवात करा. एका फळ्यावरून उतरवून घेतलेला हा मजकूर:

‘सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की, काही अपरिहार्य कारणास्तव पाणीपुरवठा मर्यादित स्वरूपात करण्यात येईल. तरी पाण्याचा वापर मर्यादित करावा.’

यात रहिवाशाच्या कामाचं काहीच नाही. सचिवांना विचारलं तेव्हा कळलं की मोटर जळाली आहे, दुरुस्तीला तीन दिवस लागतील, तोवर टाकीतलंच पाणी. मग असं झालं:

‘मोटर दुरुस्तीला गेली आहे. बुधवार ते शुक्रवार (दोन्ही दिवस धरून) टाकीतलं पाणी सकाळी सहा ते सात एवढाच वेळ सोडू. गाड्या नि अंगण धुऊ नये. शनिवारी सकाळी नेहमीसारखं पाणी येईल.’

‘मर्यादित’ एकदाही नाही, पण मर्यादा सगळ्या आहेत: किती दिवस, किती तास, कशाला नको. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथल्या बायांना ‘मर्यादित स्वरूपात’ वाचून किती हंडे भरून ठेवायचे ते कळत नाही. सहा ते सात म्हटलं की कळतं.

म्हणींकडे पाहिलं तरी हेच दिसतं. अंथरूण पाहून पाय पसरावे, असं आपण म्हणतो. ‘साधनं मर्यादित असताना खर्च मर्यादित ठेवावा’ असं कुणी आजी म्हणाली नसती. तिनं अंथरूण दाखवलं, पाय दाखवले. (ते अंथरूण सोलापुरी चादरीचं असेल तर जरा लांबवर पसरायला हरकत नाही.)

पायरी ९: छापायला देण्यापूर्वी

कॉम्प्युटरवर शोधा म्हणून जी सोय असते तिच्यात ‘मर्याद’ एवढंच टाका. मर्यादा, मर्यादित, मर्यादीत, मर्यादेत सगळी एका रांगेत समोर येतील. ‘मऱ्याद’ वेगळं शोधावं लागतं, कारण त्याचा ‘ऱ’ वेगळा. हे विसरलात तर तेवढीच चूक छापली जाते, अनुभवाचे बोल आहेत. प्रत्येक ठिकाणी थांबून बघा. संस्थेचं नाव असेल तर प्रमाणपत्राशी अक्षर न् अक्षर ताडून पुढे जा. बाकी ठिकाणी कशाची, किती, कधीपर्यंत, ही उत्तरं लिहिता येतात का बघा. करारात आणि अटींत शब्द ठेवा, पण शेजारी आकडा हवा.

सर्वात शेवटी शिक्का. गोल शिक्क्यात नाव वर्तुळावर बसवताना जागा पुरत नाही आणि करणारा ‘मर्या.’मधला टिंब खातो. मग ‘मर्या सोलापूर’ असं एखाद्या बाईचं नाव-आडनाव वाटावं असं काहीतरी तयार होतं. शिक्का करायला टाकण्याआधी कागदावरचा नमुना सचिवांकडून सही करून घ्या.